हाताला क्लास लावा

आमच्या सोसायटीतले कुलकर्णी सध्या मुलाच्या हातांसाठी क्लास शोधताहेत. चिन्मयला जर्मनीत जाऊन विमान-मेकॅनिकची आउसबिल्डुंग करायची आहे. साडेतीन वर्षांचं शिक्षण, थोडं शाळेत, बरंचसं कारखान्यात, वर दरमहा विद्यावेतन. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून पुण्यात जर्मन शिकणं हा छंद उरलेला नाही, ती घराण्याची जबाबदारी झाली आहे. चिन्मयचं जर्मनचं बी-वन झालं. गणित पक्कं, फिजिक्स पक्कं. घोडं अडलंय ते हातांपाशी. हस्तकौशल्याची चाचणी द्यायची आहे, आणि या विषयाचं गाइड अप्पा बळवंत चौकात मिळत नाही.

चाचणी ऐकायला बालवाडीतली वाटते. एक तार, एक पकड आणि कागदावर एक आकृती. तार आकृतीबरहुकूम वाकवायची. कोन बघतात, बाजूंची लांबी मोजतात, आणि तयार आकार टेबलावर ठेवला की सगळीकडून टेकावा लागतो, डुगडुगून चालत नाही. चिन्मयची पहिली तार मी पाहिली. आकृतीत काटकोनातल्या पायऱ्या होत्या, तारेत पसरणीचा घाट उतरला होता. चुकलेला कोन त्याने उलटा वाकवून सरळ करायला घेतला, तर तिथे बारीकसं पोक राहिलं. आता पुढची बाजू पोकाच्या अलीकडून मोजायची की पलीकडून, यावर बापलेकांत चर्चा झाली. तार एव्हाना पकडीच्या दातांनी ओरबाडून निघाली होती.

दुसरा प्रकार अमेरिकेतला. 1948 साली पर्ड्यू विद्यापीठातल्या जोसेफ टिफिन यांनी (आडनाव खरंच टिफिन) कारखान्यांतली भरती डोळ्यांपुढे ठेवून एक फळी पुढे आणली. तिच्यात 25 भोकांच्या दोन रांगा. 30 सेकंदांत उजव्या हाताने जमतील तेवढ्या पिना खोचायच्या, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी. शेवटी एका मिनिटात पिन, वॉशर, कॉलर, पुन्हा वॉशर अशा जोडण्या, दोन्ही हात आळीपाळीने चालवत. चिन्मयचा उजवा हात बरा आहे. डाव्याला मोबाइल धरण्यापलीकडे अनुभव नाही.

हे सगळं कशासाठी, असं कुलकर्णींनी विचारलं. इंजिनावरचे बोल्ट हादऱ्याने सुटू नयेत म्हणून ते तारेने एकमेकांना बांधतात. तार अशा दिशेने ओढून पिळायची, की एक बोल्ट सुटू पाहील तर दुसरा आवळला जावा. पीळ कमी पडला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तुटते. आणि पुष्कळदा हे काम नजर पोहोचत नाही अशा सांदीत हात घालून करावं लागतं. कुलकर्णी म्हणाले, ‘‘त्यासाठी मशिन नाही का?’’

आता चिन्मयला दोष देऊन उपयोग नाही. चार वर्षांचा असताना त्याने मिक्सर उघडला होता. तो चमत्कार बघून आईने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि पाठीत धपाटा घातला. सहावीत सायकलची चेन चढवली, तर ‘‘हात बघ कसे केलेस, अभ्यासाला बस!’’ कार्यानुभवाच्या वह्या आईने पूर्ण केल्या, विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी वडिलांनी. घरातला बल्ब बदलायलाही माणूस येतो, हे कुलकर्णी अभिमानाने सांगतात. आता त्याच हातांनी जर्मनांना महिन्याभरात चकित करायचं आहे.

क्लास अखेर सापडला. सर पूर्वी विमान-देखभालीच्या परवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी करून घेत. ती बहुतांशी बहुपर्यायी असते, पास व्हायला 75 टक्के लागतात. प्रत्यक्ष कामाचा अनुभव वेगळा दाखवावा लागतो, पण तो सरांच्या सिलॅबसमध्ये नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी ‘पिन खोचण्याची पद्धत’ लिहून दिली : ‘तर्जनी व अंगठा यांच्या साहाय्याने पिन उचलावी.’ मुलांनी उतरवून घेतलं. एकाने विचारलं, ‘‘सर, हे किती मार्कांना?’’

दुसऱ्या दिवशी सरांनी 1990 चं ब्रिटिश एअरवेजचं प्रकरण सांगितलं. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची वैमानिकासमोरची काच 17,300 फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं आणि कॅप्टन वाचला. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 जाडीने कमी होते, फरक मिलिमीटरहूनही कमी. बदलणाऱ्याने सुट्या भागांची यादी न बघता जुन्या बोल्टाशी नवा ताडून पाहिला होता. ‘‘बघा,’’ सर म्हणाले, ‘‘हातावर विसंबला म्हणून घात झाला. आधी नोट्स पाठ करा.’’ यादी उघडायला हवी होती, हे सोळा आणे खरं. पण तो माणूस निदान बोल्ट आवळू शकत होता. सरांच्या वर्गात बोल्टच नव्हता.

आमच्या वॉचमनचा मुलगा औंधच्या आयटीआयमध्ये फिटरला आहे. दिवसभर कानस मारून लोखंडाचा तुकडा गुण्यात आणतो. त्याच्या तुकड्यांची चूक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. परवा पार्किंगमध्ये चिन्मय तारेशी झटत असताना तो तिथे थांबला. ‘‘दादा, पकड नका फिरवू. पकड गच्च धरा आणि अंगठ्याने तार तिच्यावर दाबा. वाकवायच्या जागी आधी पेनाने खूण करा.’’ बोलता बोलता त्याने चारही कोन काढले आणि तार बॉनेटवर ठेवली. तार हलली नाही. कुलकर्णी बघतच राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, ‘‘हुशार आहे हो पोरगा. शिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता!’’

त्याला शिकवणीला बोलवा, असं मी सुचवलं. पण तो सर्टिफिकेट देत नाही. शिवाय क्लासची फी भरून झाली आहे आणि ती परत मिळत नाही.

रविवारी क्लासची पालकसभा होती. कुलकर्णी हात वर करून उभे राहिले. ‘‘सर, एकदा लागला की हाताने काम करणं साधारण किती वर्षांनी सुटतं?’’

सर म्हणाले, ‘‘त्याची आपली वेगळी बॅच आहे.’’