गिटारीची बॉडीबांधणी

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे चासीवर नवी बॉडी चढवतात. परिसरातले हौशी गिटारवादक नेमकं उलटं करतात: बॉडी तीच, आतलं सगळं नवं. गिब्सनने १९५२ साली आणलेल्या ‘लेस पॉल’चा, एकाच बाजूने खांदा कापलेला घाट आता स्वस्तातल्या गिटारीतही मिळतो. घेताना ठरलेलं वाक्य असतं, ‘हिला काही करायला नको.’ मग पहिल्या पगाराला तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदलतात, दुसऱ्याला आवाजाच्या बटणांखालची ५०० किलोओमची पॉट्स, दिवाळी बोनसला ट्यूनर. सुट्या भागांचा खर्च गिटारीच्या किमतीच्या वर जातो आणि विकायला काढली, तर गिऱ्हाईक विचारतं, ‘मूळ पिकअप कुठंयत?’

खरं तर सूर हलतो तो बरेचदा मानेच्या टोकाच्या ‘नट’ नावाच्या पट्टीच्या खाचेत तार अडकल्यामुळे. तिथे पेन्सिलीचं शिसं चोळावं, नव्या तारा चढवाव्यात, ब्रिजवरचे सॅडल सरकवून सूर जुळवावेत. निम्मं दुखणं जातं. पण पेन्सिलीचा फोटो ग्रुपवर टाकणार कसा? शिवाय गिटार सुरात आली की ती वाजवावी लागते. तेवढी जोखीम कोण घेणार!