फोटो टाकलात, नाव कोण लावणार?

पाऊस सुरू झाला की आयनॅचरॅलिस्ट या सजीवांच्या नोंदी करायच्या संकेतस्थळावर महाराष्ट्रातल्या फोटोंची रीघ लागते. पैसा, बेडूक, गोगलगाय, आळंबी, गवतफुलं, दिव्यावर आलेले पतंग. फोटो काढला, टाकला आणि मंडळी पुढच्या फोटोकडे वळली. नाव काय ते कुणीतरी लावेल! या 'कुणीतरी'ची चौकशी आता करायलाच हवी. त्याच्या पुढ्यात नोंदींचा डोंगर साचलाय आणि त्याच्या मदतीला फारसं कुणी येत नाही.

आयनॅचरॅलिस्ट २००८ मध्ये सुरू झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या तीन विद्यार्थ्यांचा तो पदव्युत्तर प्रकल्प. आज तिथल्या नोंदी २० कोटींच्या पुढे गेल्या आहेत. २०१६ मध्ये लॉस एंजलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांच्या चुरशीतून 'सिटी नेचर चॅलेंज' ही अशा नोंदींची स्पर्धा निघाली. आता एप्रिलच्या अखेरीस जगभरातली शेकडो शहरं त्यात उतरतात आणि चार दिवसांत लाखो नोंदी पडतात. त्यानंतरचे काही दिवस खास नावं लावण्यासाठी ठेवलेले असतात. पण फोटो काढायला जेवढी गर्दी, तेवढी या कामाला नसते.

नियम काही अवघड नाही. फोटो किंवा आवाज हवा, तारीख हवी, ठिकाण हवं, जीव पाळलेला किंवा मुद्दाम लावलेला नको. मग किमान दोघांनी नाव लावायचं आणि नाव लावणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांचं प्रजातीवर एकमत व्हायचं. तसं झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड' ठरते. टाकणाऱ्याने योग्य परवाना दिला असेल, तर ती कोपनहेगनहून चालणाऱ्या जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जाते आणि तिथून संशोधकांच्या हाती लागते. एकमत नाही, तर नोंद 'नीड्स आयडी'च्या रांगेत. हे एकमत घडवणाऱ्यांना पगार नाही, मानधन नाही. नोकरी-संसार सांभाळून ते दुसऱ्यांचे फोटो बघत बसतात.

त्यांच्या बघण्याने काय होतं? कोलंबियातल्या एका निसर्गप्रेमीने एका विषारी बेडकाचा फोटो टाकला होता. तो अमेरिकेतल्या एका बेडूकतज्ज्ञाच्या नजरेस पडला आणि हा बेडूक वेगळा आहे हे त्याने ओळखलं. पाठपुरावा झाला आणि २०१३ मध्ये 'आंदिनोबेटस कॅसिडीहॉर्नी' या नव्या प्रजातीची विज्ञानात नोंद झाली. तो फोटो कुणी बघितलाच नसता तर?

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'आम्हाला कुठे एवढं कळतं?' हे उत्तर मला मान्य नाही. ढिगातल्या असंख्य नोंदींवर 'अननोन' एवढंच लिहिलेलं असतं. कोळ्यांचा अभ्यासक कोळ्यांच्या नोंदी उघडतो, नेच्यांचा नेच्यांच्या. 'अननोन' यांपैकी कुणालाच दिसत नाही. पिनकोड नसलेल्या पत्रासारखी ती नोंद पडून राहते. तुम्ही नुसतं 'कोळी' लिहिलंत, तरी ती योग्य माणसाच्या टेबलावर पोचते. हा कोळी आहे, हा चतुर आहे, ही आळंबी आहे, हे ओळखायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. गावाकडे वाढलेल्या माणसाला तर हे शहरातल्या पदवीधरापेक्षा जास्त कळतं. नाव खात्रीचं असेल तेवढंच लावायचं आणि खात्री संपली की थांबायचं.

पुढचं शिकायची इच्छा असेल, तर एक जोडी घ्या. 'प्लेन टायगर' हे नारिंगी फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसतं. त्याची अळी रुईवर वाढते. रुईच्या चिकाचं विष अंगात भिनलेलं असल्याने पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. 'डॅनेड एगफ्लाय'ची मादी त्याची हुबेहूब नक्कल करते. तिच्या अंगात विष नाही. तिची अळी आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढते. आता दोघांचा मागचा पंख नीट बघा. मधल्या भागात तीन किंवा चार काळे ठिपके दिसले तर प्लेन टायगर. पंखाच्या वरच्या कडेला एकच काळा ठिपका दिसला तर एगफ्लायची मादी. झालं! एवढं ध्यानात ठेवून बसलात तर एका संध्याकाळी कितीतरी नोंदी मार्गी लागतील. पक्षी जिथे फसतो तिथे आपण फसायचं कारण नाही.

फसतो मात्र आपण, आणि तेही आळसाने. २०१७ पासून आयनॅचरॅलिस्टवर फोटो बघून संगणक नाव सुचवतो. सोय चांगली आहे. पण ज्या प्रजातीचे पुरेसे फोटो जमलेत, तीच त्याला शिकवता येते. त्यासाठी साधारण शंभरेक फोटो लागतात. सह्याद्रीतल्या कित्येक किड्यांचे आणि कोळ्यांचे तेवढे फोटोच नाहीत. त्यांच्या बाबतीत संगणक त्याला माहीत असलेलं जवळपासचं नाव पुढे करतो. टाकणारा ते डोळे झाकून स्वीकारतो. मित्र येतो आणि खाली 'अ‍ॅग्री' दाबतो. दोघांचं एकमत झालं, चुकीची नोंद रिसर्च ग्रेड झाली, जागतिक साठ्यातही गेली. संगणकाला पुढचे धडे अशाच नोंदींवरून द्यायचे असतात, म्हणजे ही चूक त्याच्याही डोक्यात बसणार.

ही चूक निस्तरायचा हिशेब बघा. एका जाणकाराने वेगळं नाव लावलं, तर नोंदीचा दर्जा खाली येतो, पण बरोबर नाव काही वर येत नाही. त्या दोघांनी आपलं नाव मागे घेतलं नाही, तर दोन तृतीयांशांच्या पुढे जायला पाच जाणकार लागतात. दोन बोटांचा निष्काळजीपणा पुसायला पाच माणसं! 'अ‍ॅग्री' म्हणजे फेसबुकवरचा लाइक नव्हे. ती साक्ष आहे, आणि स्वतः ओळखता येत असेल तरच ती द्यावी.

नाव वेळेवर लागणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे आणि ते मला सर्वांत गंभीर वाटतं. धोक्यात आलेल्या प्रजातीचं नाव नोंदीवर लागलं की आयनॅचरॅलिस्ट तिचं नेमकं ठिकाण आपोआप झाकतं आणि कित्येक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दाखवतं. हे झाकण नावावर अवलंबून आहे. रात्री धडपडत काढलेला खवले मांजराचा अर्धवट फोटो 'अननोन' म्हणून पडून राहिला, तर त्याचा पत्ता नकाशावर उघडा राहतो. चोरट्या शिकारीने जेरीस आलेल्या प्राण्याच्या बाबतीत ही हयगय परवडणारी नाही.

कॉलेजांनाही सांगायला हवं. नोंदींच्या संख्येवर मार्क देणं बंद करा. पन्नास नोंदींचं लक्ष्य दिलं की विद्यार्थी आवारातला गुलमोहर, कुंडीतली जास्वंद आणि वॉचमनचं कुत्रं टाकून मोकळे होतात आणि उपसा करत बसतो तो स्वयंसेवक. त्यापेक्षा दहाच नोंदी मागा, पण धड मागा. झाड असेल तर पान दोन्ही बाजूंनी, फूल समोरून आणि बाजूने, खोडाची साल. आळंबी असेल तर छत्रीची खालची बाजू. आणि तितक्याच दुसऱ्यांच्या नोंदींवर नाव लावायला सांगा, का लावलं त्याच्या कारणासकट. ओळखायची वेळ आली की मुलं बघायला शिकतात.

म्हणून वाचकहो, एक नियम धरा. जेवढे फोटो टाकाल, तेवढ्याच दुसऱ्यांच्या नोंदी बघा. आयनॅचरॅलिस्टचं 'आयडेंटिफाय'चं पान उघडा, ठिकाणात महाराष्ट्र निवडा, गाळणीत 'अननोन' निवडा आणि जे ओळखू येतं ते लिहा. गोव्यात असाल तर गोवा निवडा, न्यू जर्सीत असाल तर न्यू जर्सी. चुकलात तर कुणीतरी दुरुस्त करेल; तेव्हा मोकळ्या मनाने नाव मागे घ्या आणि पुढची नोंद उघडा. आठवड्यातला अर्धा तास पुरे आहे. तो याच रविवारी काढा.