काकाजींचं माप

काकाजी हे एका माणसाचं नाव नव्हे, तो एक प्रकार आहे. यवतमाळ शहराला खेटून असलेल्या लोहाऱ्यात हा प्रकार गल्लीमागे एक या हिशेबानं आढळतो. वय साठीच्या पुढं, पांढरा पायजमा, वरच्या खिशात चष्मा आणि त्याच खिशात सात-बाराची घडी. ओळखायची खूण सोपी आहे. कुठल्याही वस्तूचं माप विचारावं. उत्तर ताबडतोब येतं, बहुतेक वेळा बरोबरही येतं, फक्त ज्या मापात विचारलं त्या मापात कधीच येत नाही.

"काकाजी, इथून यवतमाळचं स्टँड किती किलोमीटर?"

"कायचे किलोमीटर बे! पान तोंडात टाक, रंग चढतपर्यंत स्टँड येते."

आणि "पान रंगायला किती वेळ लागतो?" असं विचारलंत, तर मात्र ते किलोमीटर सांगतील.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला. ऑक्टोबर 1958 पासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं बाजारात आली आणि एप्रिल 1962 मध्ये ती सक्तीची झाली. त्याआधी, 1 एप्रिल 1957 ला, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे होऊन गेले होते. म्हणजे काकाजी पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेले तेव्हा शेर आणि मण कायद्यानं वारले होते. पण घरी त्यांचे वडील अजून शेरातच जेवत होते. गुरुजी ग्रॅम शिकवत, वडील छटाक. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. काकाजी दोन्हीकडे पोटभर जेवले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दोन तराजू आहेत, आणि कोणता कधी काढायचा हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

शरीराचंच घ्या. वजन किलोत, उंची फुटात. काकाजींची उंची पाच फूट सहा इंच. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतरही नेमकं तेवढंच, हे कळल्यापासून ते स्वतःला ब्रॉडगेज म्हणवतात. नातू भिंतीला धरून उभा राहू लागला तेव्हा त्यांनी टेप लावला. अडीच फूट भरला. काकाजींनी टाळी वाजवली, "अरे, हे तं शकुंतला हाय!" यवतमाळ ते मूर्तिजापूर कापूस वाहून न्यायला साहेबानं घातलेल्या त्या गाडीचा रूळ अडीच फुटी. इंजिनिअरच्या कागदावर तो 762 मिलिमीटर आहे. पण 762 मिलिमीटरच्या गाडीवर कोण जीव लावणार? सुनेनं विचारलं, "मग हा ब्रॉडगेज कधी होईल, बाबाजी?" काकाजींनी वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम डोळ्यांसमोर आणलं आणि म्हणाले, "लायनीच्या आधी होईन, एवढं लिहून देतो."

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तो सेल्सिअसचा. त्याच दुपारी थोरल्या नातवाला ताप भरतो एकशे दोन, तो फॅरनहाइटचा. पोरगं शाळेत शिकणारं, त्याला शंका आली.

"आबाजी, ऊन पंचेचाळीस आन् मी एकशे दोन. म्हंजे मी उन्हाच्या दुप्पट गरम हाओ का?"

"उन्हाची डिग्री पेपरवाल्याची, तापाची डिग्री डॉक्टरची," काकाजी म्हणाले. "दोघाईचं जमत नाही. तू गोळी खा."

घर बांधायला काढलं तेव्हा तर त्यांना ऊत आला. खोली दहा बाय बारा फूट. सिमेंट पन्नास किलोच्या थैलीत. वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट; ती तर सरकारच्या रॉयल्टीच्या हिशेबातही ब्रासच आहे, त्यामुळे काकाजींना तिथं राजाश्रय मिळाल्यासारखं वाटलं. लोखंडाच्या मात्र तीन भाषा. मिस्त्री म्हणे "चार सूत", दुकानदार म्हणे "बारा एमएम", आणि बिल झालं किलोवर. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरला जरासं कमी. बारा एमएमच्या सळईत हा वरचा पाऊण मिलिमीटर कुठं गेला, यावर काकाजींनी दुकानदाराच्या काउंटरला टेकून अर्धा तास भाषण केलं. दुकानदारानं शेवटी चहा पाजला. पाऊण मिलिमीटर वसूल झाला.

सोनाराकडेही त्यांची तक्रार जुनीच. तोळा होता साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त, आता धरतात दहा. "दीड गरामाच्या वर सोनं गेलं, अन् नाव तेच ठेवलं. माणूस असा वाळला असता तं दवाखान्यात नेला असता." मात्र मुलीच्या लग्नात "पाच तोळे घातले" असं सांगताना ते दहा ग्रॅमचेच तोळे मोजतात. वाळलेला तोळा तिथं त्यांना धडधाकट दिसतो.

इथंच काकाजींची गोम आहे. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा मापांत गोंधळ होतो. गोंधळ वगैरे काही नाही. कोणतं माप कुणासमोर काढलं की आपलं वजन वाढतं किंवा देणं कमी होतं, याचं हे शास्त्र आहे.

त्यांची जमीन साडेचार एकर. धाकट्या मुलासाठी सोयरिक आली तेव्हा काकाजींनी बैठकीत सांगितलं, "पाचेक एकर पडते." कर्जमाफीचा फॉर्म भरताना तीच जमीन 1 हेक्टर 82 आर झाली. दोन हेक्टरच्या आत आली म्हणजे अल्पभूधारक. "दोन" हा आकडा "पाच"पेक्षा किती गरीब दिसतो! त्या दिवशी काकाजींचा आवाजही हेक्टरासारखा खोल गेला होता. भावाभावांच्या वाटणीचा विषय निघाला की ते गुंठ्यावर येतात. एकराचे चाळीस गुंठे आणि जुन्या साखळीच्या हिशेबानं गुंठ्याचे सोळा आणे. या पायरीवर पोचलेला वाद तीन पिढ्या पुरतो. आणि मग एक दिवस शहर सरकत सरकत धुऱ्यापर्यंत आलं, ले-आउटवाले दारात उभे राहिले आणि एका रात्रीत त्या शेताचे 1,96,020 चौरस फूट झाले. तेव्हापासून काकाजी शेतात जपून चालतात. तुरीच्या ओळीत कुणी चपला काढून ठेवल्या तर म्हणतात, "उचल बे, अर्धा फूट गेला."

कापसाच्या गोष्टीत तर काकाजींना कुणी हरवू शकत नाही, कारण कापूस खुद्द त्यांच्यासारखाच आहे. बियाण्याचं पाकीट 475 ग्रॅमचं. लावायचं चार बाय एक, म्हणजे फुटात. वर पडणारा पाऊस बातम्यांत मिलिमीटरमध्ये, काकाजींच्या लेखी "वीतभर ओल" गेली की पेरणी. वेचणारणीची मजुरी किलोवर, विक्री क्विंटलवर. जिनात सरकी निघाली की रुईचा भाव खंडीवर जातो. ही खंडी 784 पौंडांची. मेट्रिक आलं तेव्हा तिला 356 किलोचं पातळ नेसवलं, आत बाई तीच. दाबून बांधली की 170 किलोची गाठ. न्यूयॉर्कच्या बाजारात तिचा भाव निघतो सेंटमध्ये आणि पौंडावर. सुताचा नंबर काढायचा तर एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात ते मोजायचं.

आणि या सगळ्याचा शेवट कुठं? लोहाऱ्याच्याच एमआयडीसीत. तिथं रेमंडची डेनिमची गिरणी आहे आणि डेनिमचा जाडपणा सांगतात औंसात, म्हणजे एका चौरस वाराचं वजन किती औंस. धाकटा मुलगा शहरातून जीन्स घेऊन आला. त्यानं ऐटीत सांगितलं, "बाबा, साडेबारा औंसची हाय. कंबर चौतीस." काकाजींनी कापड अंगठ्यानं चोळून पाहिलं, किंमत विचारली आणि हिशेब मांडला. "आपल्या घरून किलोनं गेला. क्विंटल, खंडी, गाठ, पौंड, औंस, इंच, सारं फिरून आला. मापागणिक कोणी ना कोणी खाल्लं असन. उरलं ते तुह्या बुडाले."

अर्थशास्त्रावर इतकं नेमकं व्याख्यान मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

कायदा काकाजींच्या बाजूला नाही. 2009 च्या वैध मापनशास्त्र कायद्यानं व्यवहारात मेट्रिक मापंच धरायची आहेत. पण काकाजींना इंग्लंडात नोकरीला असलेल्या भाच्यानं मोठाच दिलासा दिला. तो फोनवर सांगतो: इथं पेट्रोल लिटरनं भरतात आणि गाडीचं अॅव्हरेज गॅलनवर सांगतात. रस्त्यावरच्या पाट्या मैलात. बिअर पाइंटात. माणसं आपलं वजन स्टोनमध्ये सांगतात, एक स्टोन म्हणजे चौदा पौंड. सरकारनं मेट्रिकसाठी 1969 मध्ये मंडळ नेमलं आणि 1980 मध्ये गुंडाळलं. गाडी तेव्हापासून अर्ध्या रस्त्यात उभी आहे. काकाजींना हे ऐकून गहिवरूनच आलं. साहेबानं आपल्याला एकर, फूट, इंच, पौंड दिले. आपण 1962 मध्ये कायद्यानं सोडले. आणि साहेब स्वतः अजून तिथंच घुटमळतो आहे. "म्हंजे साहेब आपल्यातलाच निघाला," ते ओट्यावर सगळ्यांना सांगत सुटले.

भाच्यानं आणखी एक किस्सा सांगितला. 2001 मध्ये संडरलंड शहरातल्या एका भाजीवाल्याला पौंडाच्या काट्यावर केळी विकली म्हणून कोर्टानं दोषी ठरवलं. देशभर गदारोळ झाला. भाच्याला वाटलं, मामा खवळतील, पौंडाची बाजू घेतील. काकाजींनी थोडा विचार केला.

"केळं? अन् वजनानं?"

"हो मामाजी."

"मंग बरोबर हाय शिक्षा. केळं डझनानं विकतेत."

अशा काकाजींची खरी परीक्षा झाली ती मोजणीच्या दिवशी. पूर्वेकडच्या शेजाऱ्यानं धुरा कोरला, अशी त्यांची बारा महिने तेरा काळ तक्रार होती. शेवटी पैसे भरून त्यांनी मोजणी आणली. भूमी अभिलेख कार्यालयाचा भूकरमापक आला. साखळी नाही, खुंट्या नाहीत. एका काठीवर यंत्र बसवलेलं, ते उपग्रहाशी बोलून हद्द सेंटिमीटरपर्यंत सांगतं. पाहायला अर्धं लोहारा लोटलं. काकाजी धुतलेला पायजमा घालून पुढं.

पूर्वेचा धुरा मोजून झाला. भूकरमापक म्हणाला, "काकाजी, तुमचं खरं आहे. शेजारी तुमच्या हद्दीत चाळीस सेंटिमीटर आत आला आहे."

"ऐका!" काकाजी गर्दीकडे वळले. "चाळीस! चाळीस सेंटिमीटर! मी सांगत नव्हतो? चाळीस म्हंजे काही कमी झालं का राजेहो?" चाळीस हा आकडा त्यांनी एवढ्या वेळा उच्चारला की शेजाऱ्याला आपण एमआयडीसीपर्यंत जमीन दाबल्यासारखं वाटू लागलं.

काम तिथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मोजणी चारी बाजूंची होती. यंत्र पश्चिमेच्या धुऱ्यावर गेलं. भूकरमापकानं आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि जरा घसा साफ केला.

"काकाजी, इकडं मात्र तुम्ही शेजाऱ्याच्या हद्दीत आहात."

गर्दीत खसखस पिकली. पश्चिमेचा शेजारी पुढं सरसावला, "किती हाय जी, किती?"

"तेवढंच. चाळीस सेंटिमीटर."

काकाजींनी चष्मा काढला, पायजम्याला पुसला, परत घातला. धुऱ्याकडे नीट पाहिलं. मग पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत समजूतदार आवाजात म्हणाले,

"पूर्वेचं तं सेंटिमीटरनं मोजलं बावा. इथी कायले एवढी मोजमाप? सव्वाक फुटाची तं गोष्ट हाय."