आलोच-मीमांसा

गडांवर ग्रंथ झाले. बागेभोवतीच्या दगडी कुंपणावर, म्हणजे गडग्यावर, कोणी लिहिले नाही. आणि गडग्यात जिथे वाट सोडलेली असते तिथल्या बेड्याची तर कोणी दखलही घेतली नाही. ही उपेक्षा दूर करण्याचे काम प्रस्तुत लेखकाने अंगावर घेतले आहे. तो पावसला आत्याच्या घरी राहून पुण्याच्या एका कचेरीचे सर्व्हर सांभाळतो, आणि वीज गेली की त्याला चिंतनाला वेळ मिळतो.

लक्षण असे : दोन उभ्या दगडांना भोके पाडून त्यांत तीन आडवे दांडे सरकवले की बेडे होते. दांडे सरकवता येतात ही त्याची सोय; दांडे सरकवावे लागतात ही त्याची व्याधी. बेडे गुरांना अडवते. माणसाला ते फक्त क्षणभर थांबवते.

सर्व्हरच्या गडग्याला फायरवॉल म्हणतात आणि त्यातल्या वाटांना पोर्ट.

“पोर्ट म्हणजे बंदर ना रे? पूर्णगडला आहे तसं?” आत्याने विचारले.

“तसंच. फक्त माझ्याकडे ६५,५३५ आहेत.”

“आणि लावतोस कशाने?”

प्रश्न मूलगामी आहे. शास्त्र सांगते की सगळी लावावीत आणि लागतील तेवढीच उघडावीत. पैकी २२ क्रमांकाचे बंदर लांबून सर्व्हर हाकणाऱ्यांचे. फिनलंडमधल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा चोरून न ऐकता येणारा प्रोग्राम लिहिला, आणि एफटीपीचे २१ व टेलनेटचे २३ यांच्यामधली मोकळी जागा मागून घेतली. शेजार असा जुना असूनही एसएसएचचे बरे चालले आहे.

या बंदरावर रात्रभर कोणीतरी धडका देत असते. ‘रूट’ म्हणून पाहते, ‘ॲडमिन’ म्हणून पाहते, ‘टेस्ट’ म्हणून पाहते. नवख्याला वाटते, आपल्यावरच कोणी डूख धरला. पण वानरे सातबारा वाचून बागेत उतरत नाहीत. ती सगळ्याच फांद्या हलवून बघतात. पासवर्डने शिरण्याची सोयच बंद करून किल्लीची फाइल वापरली, की त्यांनी जन्मभर हलवावे.

आता पूर्वपक्ष म्हणतो, गडगा उंच करा. उत्तरपक्ष असा की आमच्या बागेत आजवर शिरलेले प्रत्येक ढोर बेड्यातूनच शिरले, आणि दर वेळी कोणीतरी ‘आलोच’ म्हणून दांडे खाली टाकून गेले होते.

‘आलोच’ हे रूप पाहण्यासारखे आहे. बोलणारा अजून गेलेलाही नाही आणि परतल्याची नोंद झालेली. वर ‘च’ची मोहर. व्याकरणात हा भूतकाळ, बोलणाऱ्याच्या मनात भविष्यकाळ, आणि बेड्याच्या दृष्टीने रीती वर्तमानकाळ : ते उघडे असते. दूधवाल्याचा आलोच दोन मिनिटांचा. बाग कराराने घेणाऱ्याचा एका हंगामाचा. सर्व्हरवाल्याच्या आलोचला मात्र अंत नाही. पलीकडच्या प्रोग्रामरला दहा मिनिटे काही तपासायचे होते, म्हणून डेटाबेसचे ३३०६ हे बंदर मी अख्ख्या जगाला उघडले आणि शेजारी शेरा मारला : ‘तात्पुरते’. सात महिन्यांनी पाहिले तर शेरा जागेवर, बंदर उघडे, आणि प्रोग्रामर नोकरी सोडून गेलेला. त्याचे खाते अर्थातच चालू होते.

यावर आत्याचा उपाय फार जुना आहे. दांडा काढणाऱ्याने तो भुईवर टाकायचा नाही, खांद्यावर घेऊनच आत यायचे. आठ फुटी दांडा खांद्यावर असताना कोणी चहाला बसत नाही. मी याचा तर्जुमा असा केला : बंदर उघडण्याच्या आधी ते आपोआप बंद होण्याची वेळ यंत्राला सांगून ठेवायची. उघडायची आज्ञा दुसरी. क्रम उलटला की आलोच झालाच.

दांडे जागच्या जागी असूनही माणूस आत येतो, ही शाखा निराळी. पानिपतावर १७६१ मध्ये पडलेला सदाशिवरावभाऊ तो मीच, असे म्हणणारा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये, ज्याने त्याला कोंडून ठेवायचे त्याच अधिकाऱ्याने त्याला सोडले, आणि कोकणातले किल्ले भराभर तोतयाकडे गेले. तट शाबूत होते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ११ ऑगस्ट २०१८ रोजी तोतयेगिरी यंत्राने केली. ‘पैसे देऊ का?’ हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जायचा. चोरांनी मध्येच बनावट स्विच बसवून परस्पर ‘द्या’ म्हणवले. २८ देशांत पैसे निघाले, दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या निरोपजाळ्यावरून हाँगकाँगला आणखी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये.

आत्याने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पण पडवीतल्याने कोठीतलं उत्तर दिलंन कसं?”

मोठमोठे अहवाल यापलीकडे जात नाहीत. आमच्याकडे आंब्याचा दलाल खळ्यात थांबतो, पाहुणा ओटीवर, सोयरा माजघरात. कोठीची किल्ली आत्याच्या कमरेला. कोठी बोलली की नाही, ते आत्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. आम्ही सर्व्हरवाले सगळ्यांना एकाच खोलीत कोंबतो आणि तिला नेटवर्क म्हणतो.

तरीही ढोर शिरलेच तर? बॅकअपला मराठी शब्द नाही अशी तक्रार ऐकू येते. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या कुठल्याही घरात जावे : बेगमी. फक्त बरणी भरली म्हणजे बेगमी झाली नाही. मधून मधून फडके सोडून बुरशी आली का ते बघावे लागते. मी एकदा श्रावण उजाडेपर्यंत बघितले नव्हते. त्या बरणीबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आता आलोचचे पोटभेद सांगायचे होते. पण आत्या ओटीवरून ओरडते आहे की कुणाची तरी तांबडी गाय अबोलीपर्यंत पोचली. बेड्यातून शेवटचा कोण आला, हे तिला माहीत आहे. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठतो. आलोच.