अपेक्षित बर्फाच्या वर बारा इंच

टाकी नसलेला गॅसचा गीझर घेतला की सोबत जाडजूड पुस्तिका येते. तीत म्हटलेलं असतं की धुराच्या नळीचं तोंड अपेक्षित बर्फाच्या पातळीपेक्षा किमान बारा इंच वर असावं. बारा इंच मोजायला टेप आहे. अपेक्षा कशाने मोजायची? आम्ही बोस्टनजवळ राहतो. २०१४-१५च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला. सगळा एकदम पडत नाही, अधूनमधून दबतो, वितळतो, हे खरं. पण वाऱ्याने भिंतीशी लोटलेला, छपरावरून घसरलेला आणि आपणच फावड्याने बाजूला टाकलेला बर्फ कुठलीही वेधशाळा सांगत नाही. त्या वर्षी शहराने साठवलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग १४ जुलैला वितळला. आपल्याकडे तेव्हा अधिक आषाढ चालू होता.

आजोळच्या तांब्याच्या बंबाला ही विवंचना नव्हती. मधल्या नळीतून धूर वर, खाली राख, बाजूला तोटी. न्हाणीघराच्या कौलांत आणि दाराच्या फटींत वारा हवा तसा येई-जाई. इथलं घर मात्र थंडी आत येऊ नये म्हणून फटी बुजवून बुजवून असं घट्ट केलेलं असतं, की गीझरला स्वतःपुरती हवासुद्धा एका नळीने बाहेरून आणावी लागते आणि दुसऱ्या नळीने सोडावी लागते. घर बंद करण्यावर आधी पैसे घालायचे, मग त्याच भिंतीला भोक पाडणाऱ्याला निराळे द्यायचे.

हा नवा गीझर मोठा कंजूष. धुरातली उष्णता इतकी पिळून घेतो, की बाहेर जाणाऱ्या धुराला पीव्हीसीची साधी पांढरी नळी पुरते. धुरातल्या वाफेचं पाणी होतं, ते थोडं आम्लधर्मी, म्हणून गटारात सोडण्याआधी चुनखडीच्या खड्यांतून गाळायचं. नळी गीझरकडे उतरती ठेवायची, फुटाला पाव इंच, नाहीतर पाणी तोंडाशी ठिबकून गोठतं. सोडलेला धूर शेजारच्या नळीने परत आत ओढला जाऊ नये, हेही बघायचं. शिवाय गीझर स्वतः गोठू नये म्हणून त्याच्या पोटात विजेचे छोटे हीटर असतात. म्हणजे हा गॅसवर चालतो, पण थंडीत वीज गेली की त्यालाच कुडकुडायला होतं.

बर्फाने नळी बुजली, की पंखा घुमतो, टिकटिक होते, ज्योत लागत नाही आणि पडद्यावर एक आकडा लुकलुकतो. केसांत शाम्पू असलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ पुस्तिकेत शोधण्याची हौस नसते. हाक येते, आणि घरातल्या दुसऱ्याने पायजम्यावर बूट चढवायचे. शेजारी आधी गाडीची वाट मोकळी करतात; आमचं फावडं आधी भिंतीकडे वळतं. शेवटचा वीतभर बर्फ हातानेच उकरावा लागतो, कारण फावड्याच्या एका फटक्यात प्लास्टिक तडकतं. नळी मोकळी होते, आतून कुणीतरी गीझर पुन्हा चालू करतं, आणि ओलसर कोमट वाफ थेट चष्म्यावर येते. मग पुढचं अर्धं मिनिट आंधळ्यासारखं उभं राहायचं.

पडद्यावरचा तो आकडा म्हणजे गीझरचं शहाणपण : धूर घरात कोंडण्यापेक्षा न पेटलेलं बरं. २००५च्या जानेवारीत, इथून जवळच्या प्लिमथमध्ये, हिमवादळात घर तापवणाऱ्या यंत्राची नळी बर्फाखाली गेली आणि कार्बन मोनॉक्साइडने सात वर्षांची मुलगी गेली. तिच्या नावाने कायदा झाला. घरोघरी त्या वायूचा अलार्म सक्तीचा झाला. आमच्या राज्यात भिंतीतून खालच्या बाजूला निघणाऱ्या नळीच्या बरोबर वर, जमिनीपासून आठ फुटांवर पाटीही लावावी लागते : गॅसची नळी याच्या थेट खाली आहे, अडथळा ठेवू नका. अक्षरं निदान अर्ध्या इंचाची हवीत. हिमवादळात आठ फुटांवरची अर्ध्या इंचाची अक्षरं कोण वाचणार, असं पहिल्यांदा वाटतं. पण आठ फूट हा आकडा बर्फ पाहिलेल्या माणसाचा आहे, हे मान्य करायला हवं. पुस्तिकेतल्या ‘अपेक्षित’पेक्षा माझा त्या पाटीवर जास्त भरवसा आहे.

पुण्या-नाशकाकडे बर्फ नाही, पण बंद न्हाणीघरात टांगलेले, धूर बाहेर नेणारी नळीच नसलेले गॅस गीझर आहेत, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुमच्याकडे तसा असेल, तर गॅलरीत हलवून घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, आणि मगच कडी लावा.