शंभर रुपयांत घर

'राष्ट्रनेत्यांची ऐतिहासिक निवासस्थाने, एका दिवसात, मार्गदर्शकासह' अशी जाहिरात होती आणि वर संगमरवरी खांबांचे चित्र. ते खांब कुठल्या राजवाड्याचे होते, देव जाणे. पण तेवढ्यावर भुलून गोंदियाचे राइसमिलवाले काका खिशात टेप टाकून आले. त्यांच्या नव्या बंगल्याचा जिना अडला होता आणि मोठ्या माणसांच्या घरात एखादी आयडिया मिळेल, असा त्यांचा हिशेब.

कोहमाऱ्यापर्यंत सगळी गाडी झोपेत, साकोलीला चहा, भंडाऱ्यानंतर अंताक्षरी, नागपुरात तर्रीपोहे. मार्गदर्शक सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नागपूर मागे पडल्यावर त्यांनी माईक हातात घेतला आणि मग तास संपल्याची घंटा काही झाली नाही.

आधी पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. विनोबा इथे 1938 साली राहायला आले, एवढे सांगून सरांनी थेट 1951 गाठले. त्या वर्षी विनोबा भूदानासाठी पायी हिंडू लागले, ते पवनारला परतले 1964 साली.

"तेरा वर्षं घर खाली?" काकांना राहवेना. "किराया तरी आला असता जी!"

भूदान म्हणजे ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्याकडे ती मागणे, असा खुलासा सुरू झाला तसे काका नदीला पाणी किती आहे ते पाहायला गेले. परत आले तेव्हा सर मूर्तींवर पोहोचले होते. आश्रमाची जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांतच भरत-रामाच्या भेटीची एक. "आमच्या प्लॉटात खोदलं तं नळाचा पाइप फुटते फक्त," काका म्हणाले.

सेवाग्रामला उतरल्या उतरल्या आमच्या गाडीतल्या मोठीआईंनी गजानन महाराजांचे मंदिर कुठे, म्हणून विचारले. नातवाने जाहिरात वाचून दाखवताना त्यांच्या कानात 'पूर्वीचे शेगाव' एवढेच शिरले होते. सरांना केवढा आनंद झाला! खरेच हे गाव तेव्हा शेगाव. गांधीजींची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 साली याचे सेवाग्राम झाले.

"म्हणजे त्यांच्या चिठ्ठ्या तिकडं जायच्या अन् मी इकडं आली," मोठीआई म्हणाल्या आणि चप्पल काढून आत शिरल्या. पाया पडायला कोणीतरी असले की झाले.

गांधीजी इथे आले 1936 साली, वयाच्या 66व्या वर्षी. घर जवळपास मिळेल त्या सामानातून बांधायचे आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची अट. माती, बांबू, कवेलू. काकांनी टेप काढला, भिंतीकडे बघितले, पुन्हा खिशात ठेवला. "शंभरात तं आज मिस्त्री प्लॉट पाहाले बी येत नाही."

बापूकुटीत पंचाईत झाली. ही कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेनची; गांधीजी नंतर तिच्यात राहू लागले. खाली चटई, बुटके मेज, बाकी सारवलेली जमीन. जिना नाहीच. "हॉल कोणता म्हणायचा?" एका वहिनींनी हळूच विचारले. याच घरमालकाशी बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोने आश्रमात टेलिफोन बसवून दिला होता. तो पाहून कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "रेंज येत होती काय, सर?"

गाडी खरी रमली ती साप पकडायच्या चिमट्यापाशी. आश्रमात साप मारायचा नाही. चिमट्याने धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब रानात सोडायचा. सत्य, स्वराज्य, चरखा यांवर मान डोलावणारी मंडळी एकदम तज्ज्ञ झाली. धानाच्या बांधीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना सापावर कोण शिकवणार? घोणस या चिमट्यात टिकेल की सटकेल यावर दोन तट पडले. सर मधे बोलू गेले तर "थांबा जी सर" म्हणून त्यांनाच गप्प केले. माझ्या मते त्या दिवसाचे खरे व्याख्यान तेच.

बायकांचे लक्ष 'बा कुटी'वर. आल्या-गेल्यांच्या गर्दीत कस्तुरबांना आडोसा नव्हता, म्हणून जमनालाल बजाजांनी ही वेगळी बांधून दिली. "म्हणजे पाहुण्यालेच सुचलं," मोठीआईंनी निकाल दिला. यावर एकाही पुरुषाने तोंड उघडले नाही.

उरली वर्ध्यातली बजाजवाडी. काँग्रेसचे देशभरचे पुढारी तिथे उतरत, निदान बाहेरून तरी बघू, असे सर विनवत होते. मत घेतले. बजाजवाडीला एक मत, सरांचे. बाकी सगळी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांच्या बाजूने. दुकानापुढे दुपारच्या उन्हात लागलेल्या रांगेत मोठीआई पहिल्या, आणि काका मागून ओरडून विचारत होते, पेटी घेतली तर भाव कमी होते काय?