मु. पो. मेलबर्न

ज्या घरातील मुलगा अगर मुलगी ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहे, त्या घरात दसरा उलटताच जी एक सभा भरते, तिचे इतिवृत्त कोणी लिहून ठेवीत नाही, ही आमच्या मते मराठी समाजशास्त्राची मोठीच हानी आहे. सभेपुढील विषय एकच असतो : यंदा खोक्यात काय घालावयाचे. आजींची सूचना पेढ्यांची, आईची कोकणातून आलेल्या तांदळाची आणि निवडून उन्हे दाखविलेल्या सुक्या मिरच्यांची, मावशीची चकलीची. आणि ज्यांस पाककलेतील काडीचेही कळत नाही ते वडील खोक्याच्या पुठ्ठ्याचे पदर मोजून आपले मत नोंदवितात. या सभेचा विशेष असा की, येथे एकही सूचना नामंजूर होत नाही, आणि त्यामुळे वजन पाहता पाहता वीस किलोंच्या घरात जाते. बहुतेक देशांकरिता आपल्या टपालखात्याची पार्सलाची मर्यादाही तेवढीच असल्यामुळे सभासद तो शुभशकुन समजतात.

रवानगीचे मार्ग दोन. पैकी खाजगी कुरिअरचा मार्ग पत्करणाऱ्यास प्रथम हे ज्ञान प्राप्त होते की, वजन ही काट्याने ठरविण्याची गोष्ट नव्हे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरांत घेऊन, तिघांचा गुणाकार करून, त्यास 5000 ने भागून जो आकडा येईल तो आणि काट्यावरचा आकडा, यांपैकी जो मोठा असेल तो आपल्या नावे पडतो. 60 बाय 50 बाय 40 चे खोके पातळ पोह्यांच्या चिवड्याने शिगोशीग भरले, तर काटा बिचारा दहाबारा किलो दाखवील; हिशेब मात्र 24 किलोंचा होतो. म्हणजे उरलेली बारा किलो ही निव्वळ हवा. पुण्याची हवा उत्तम असा लौकिक पूर्वी होताच. तिची निर्यात किलोच्या दराने होऊ लागली, हे अलीकडचे.

दुसरा मार्ग सरकारी टपालाचा. 1874 साली बर्न शहरी झालेल्या करारातून जागतिक टपाल संघ जन्मास आला आणि 1876 मध्ये हिंदुस्थान त्यात दाखल झाला. साऱ्या पृथ्वीवरील टपालाची पार्सले आज त्याच संघाच्या नियमांनी चालतात, आणि त्याच्या कृपेने सीएन 23 नावाचा एक तक्ता प्रेषकाच्या हाती पडतो. या तक्त्यात ‘भेट’ म्हणून खूण करण्यास चौकोन आहे खरा, परंतु तेवढ्याने कोणाचे समाधान होत नाही. प्रत्येक वस्तूचे नाव, नग, निव्वळ वजन, किंमत, उत्पत्तीचा देश आणि जकातीच्या वर्गवारीतील क्रमांक, असे साद्यंत बयान द्यावे लागते. खिडकीपाशी जो संवाद घडतो तो सर्वत्र एकाच नमुन्याचा असतो.

“काकू, आत काय आहे?”

“खाऊ.”

“खाऊ नाही चालत. नाव सांगा, नग सांगा, किंमत सांगा.”

“घरी केलेल्याची किंमत काय सांगू?”

“काहीतरी सांगा. शून्य टाकलं तर मशीन पुढे जात नाही.”

ज्या बाईने उभ्या आयुष्यात आपल्या श्रमाचा मोबदला कोणाकडे मागितला नाही, तिला तो सांगावयास लावणारे पहिले दफ्तर जकातीचे निघावे, हा योग काही सामान्य नव्हे. बरे, ती सांगते काय? तर बेसन आणि तेल यांचा वाण्याकडील भाव. त्यात स्वतःची एक दमडी धरीत नाही. कारकून तो आकडा टंकतो, आणि सदरहू माल अल्पमोली असल्याची नोंद आंतरराष्ट्रीय दप्तरात कायमची होते.

आता पलीकडच्या तीराचा विचार करू. ऑस्ट्रेलियाच्या संशयी स्वभावास आम्ही हसणार होतो, पण त्या देशाचा पूर्वेतिहास पाहता हसू आवरावे लागते. 1859 साली टॉमस ऑस्टिन नामक जमीनदाराने शिकारीची हौस भागावी म्हणून काही ससे मोकळे सोडले आणि त्यांच्या संततीने पुढे साऱ्या खंडाची कुरणे फस्त केली. 1935 साली उसावरील भुंगे खाण्यासाठी क्वीन्सलंडमध्ये हवाई बेटांतून बेडूक आणविले, त्यांनी भुंगे सोडून बाकीचे सर्व खाल्ले. असे दोन पाहुणे ज्याने पोसले, तो तिसऱ्याची झडती घेणारच. गुरांच्या लाळ-खुरकूत रोगापासून तो देश 1872 पासून मुक्त आहे, आणि आपल्याकडील गोठ्यांना तसे म्हणवून घेता येत नाही. सबब आजींचे पेढे तेथे मिठाई या सदरात न मोडता रोगाचा संभाव्य वाहक या सदरात मोडतात. हे ऐकून आजी ज्या मुद्रेने पाहतात, ती मुद्रा 2015 च्या जैवसुरक्षा कायद्याच्या मसुदाकारांनी एकवार पाहावयास हवी होती.

परंतु खरा अपराधी निराळाच आहे. खापरा भुंगेरा नावाचा, तिळाहून फारसा मोठा नसलेला, मूळचा आपल्याच उपखंडातील म्हणून ओळखला जाणारा कीटक हा तेथील सरकारचा आजचा परमशत्रू आहे. त्याची अळी खोक्याच्या फटीत अन्नावाचून वर्षानुवर्षे पडून राहते. 2007 साली पर्थमधील एका घरात, बाहेरदेशाहून आलेल्या संसारी सामानातून तो निघाला, तेव्हा तो सबंध बंगला आच्छादनाखाली झाकून त्यास विषारी धुरी देण्यात आली. 2020 च्या अखेरीस फर्मान निघाले : तांदूळ, हरभरे, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, जिरे, धणे, सुक्या मिरच्या यांस कोणत्याही देशातून टपालाने प्रवेश नाही. भाजलेल्या व तळलेल्या मालास सवलत आहे; पण चकली तळलेली आहे याची खातरजमा तिकडचा अधिकारी आपल्या मगदुराप्रमाणे करणार, आणि बंदी असलेला माल सापडल्यास तो परत धाडावयाचा की नष्ट करावयाचा, एवढाच प्रश्न उरणार.

येथवरचे सर्व आम्हांस मान्य आहे. मौज पुढेच आहे. मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात फॉस्टर स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. तेथील दुकानांतून तूरडाळ, जिरे, धणे, मिरच्या, सारे काही पोत्यांनी मिळते. हा माल भारतातूनही जातो. फरक इतकाच की, तो न्हावाशेवासारख्या बंदरातून कंटेनरांत बसून, वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला घेऊन, आवश्यक तेथे मिथाइल ब्रोमाइडची धुरी सोसून, परवान्यानिशी पुढच्या दरवाजाने आत शिरतो. टनावारी जिरे नेणारा तो आयातदार, आणि मुलीला वाटीभर जिरे धाडणारी आई ती जैविक संकट! धुरी देण्यास वाटीभर जिरे परवडत नाहीत, यात कोणाचा दोष नाही. पण कायद्याच्या नजरेत येण्याकरिता माणसाजवळ निदान एक कंटेनर असावा, हे मात्र या व्यवहारावरून सिद्ध होते.

तेव्हा ज्यांस खोके पाठवावयाचेच आहे, त्यांनी पेढे इकडेच वाटावेत, तांदूळ, डाळी, जिरे, धणे, मिरच्या मुलीला फॉस्टर स्ट्रीटवरून आणावयास सांगाव्यात, तक्त्यात चकलीस चकली म्हणून नोंदवावे, खोके लहान घेऊन आतली हवा दाबून काढावी आणि पावतीवरचा आकडा मुलीला कळवू नये; कारण तेवढ्या पैशांत तिने तिकडे महिन्याचे वाणसामान भरले असते, हे ती आपणांस सांगितल्यावाचून राहणार नाही.